पुरस्थ ग्रंथीचा कर्करोग आणि फ्लॅव्होनॉइडची बाटली

तपासणी आटोपते, औषधांची चिठ्ठी लिहून होते आणि दाराशी पोहोचलेला वयस्क रुग्ण परत फिरतो. कापडी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवतो. "साहेब, मुलानं पाठवलीय. झाडपाल्याचंच आहे म्हणतो. चालू ठेवू का?" आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारांसाठी नागपूर वा हैदराबादेस जातात, हा प्रश्न मात्र परतल्यावर ते आपल्यालाच विचारतात. "घ्या, काही बिघडत नाही" हे त्याचे उत्तर पुरेसे आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

फ्लॅव्होनॉइड म्हणजे काय?

फ्लॅव्होनॉइड ही वनस्पतींमधील पॉलिफिनॉल वर्गातील द्रव्ये होत. हंगेरीचे संशोधक आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३६ मध्ये त्यांना 'जीवनसत्त्व पी' असे संबोधले होते. पुढे ती जीवनसत्त्वे नव्हेत असे ठरले आणि ते नाव मागे पडले. कांद्यात व शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन असते, हिरव्या चहात कॅटेचिन, तर आपल्याकडे खरिपात कापसाच्या जोडीला पेरल्या जाणाऱ्या सोयाबीनमध्ये जेनिस्टीन. फाल्गुनात आपली राने उजळून टाकणाऱ्या पळसाच्या फुलांचा रंगही याच कुळातील द्रव्यांचा आहे.

प्रयोगशाळेतील काचपात्रात यांपैकी अनेक द्रव्ये प्रोस्टेटच्या कर्कपेशींची वाढ रोखतात, हे खरे आहे. परंतु काचपात्र आणि मनुष्यदेह यांत मोठे अंतर आहे. पोटात गेलेल्या क्वेर्सेटिनचे आतड्यात व यकृतात रूपांतर होते आणि मूळ स्वरूपात त्याचा फारच थोडा अंश रक्तात उरतो. पेशींवरील प्रयोगांत वापरलेली मात्रा बहुधा याच्या कितीतरी पट असते.

मानवी चाचण्यांचा कौल

इटलीमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने मोठी आशा निर्माण केली. कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या ६० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम चहातील कॅटेचिन देण्यात आले. त्यांच्यातील एकालाच कर्करोग झाला. नुसती निरौषध गोळी घेणाऱ्या ३० जणांत मात्र ९ जणांना. पुढे अमेरिकेत ९७ पुरुषांवर अशीच चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दोन गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही.

सोयाबीनची कथाही अशीच. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेल्या, पण रोग उलटण्याचा धोका अधिक असलेल्या पुरुषांना दोन वर्षे रोज २० ग्रॅम सोया प्रथिन देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रोग उलटण्याचे प्रमाण सोया घेणाऱ्यांत २७.२ टक्के, तर न घेणाऱ्यांत २९.५ टक्के आढळले. हा फरक नगण्यच म्हणावा लागेल.

'आशा' नावाची बाटली

लाभ नसला तरी हानी नाही, असे समजणाऱ्यांनी 'पीसी-स्पेस' या अमेरिकेत विकल्या गेलेल्या मिश्रणाचा इतिहास अवश्य आठवावा. 'स्पेस' या लॅटिन शब्दाचा अर्थ आशा. त्यात आठ घटक होते आणि त्यांपैकी एक होती बैकालिन हे फ्लॅव्होनॉइड असलेली चिनी वनस्पती. रुग्णांचा पीएसए खरोखरच उतरत असे. मात्र १९९८ मध्येच संशोधकांनी त्याचे परिणाम स्त्री-हार्मोनसारखे असल्याचे दाखवून दिले होते. २००२ मध्ये ते बाजारातून परत घेण्यात आले. निरनिराळ्या तुकड्यांच्या पृथक्करणात डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम हार्मोन, वॉरफॅरिन व इंडोमेथासिन आढळले होते. ज्या गुणाचे श्रेय वनस्पतींना दिले जात होते, त्यातील किती वाटा या छुप्या औषधांचा, हे सांगणे कठीण होऊन बसले.

आपण काय करावे?

प्रथम, रुग्णावर रागावू नये. रागावल्यास बाटली पिशवीतच राहते आणि आपल्याला तिचा पत्ता लागत नाही. "आणखी काय काय घेता?" हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा व उत्तराची नोंद करावी. कारणाविना पीएसए झपाट्याने उतरला, छातीत दुखरा फुगवटा आला किंवा पाय सुजला, तर छुप्या हार्मोनची शंका घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. हिरव्या चहाच्या अर्काने यकृतास इजा होऊ शकते. मुख्य कॅटेचिनची रोजची मात्रा ८०० मिलिग्रॅम वा अधिक झाल्यास यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणेच गुन्हा आहे. बाटलीवर तसा दावा असल्यास तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

पूरक आणि पर्यायी या दोन शब्दांतील भेद रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगणे हे आपले खरे काम आहे. तुरीचे वरण, कांदा, शेवग्याची भाजी, सोयाबीन हे सारे ताटात असावे. त्यास कोणाचीच हरकत नाही. परंतु बाटलीच्या भरवशावर हार्मोनचे इंजेक्शन चुकले वा किरणोपचाराची तारीख पुढे ढकलली गेली, तर गेलेले महिने कोणतीही वनस्पती परत देऊ शकत नाही.

दाराशी परत फिरलेल्या त्या रुग्णाला म्हणूनच पुन्हा खुर्चीवर बसवावे आणि बाटलीवरचा मजकूर त्याच्यासमोर वाचून दाखवावा. या पाच मिनिटांत त्याचा आपल्यावरील विश्वास टिकतो, आणि पुढच्या वेळी तो पिशवी आपणहून उघडतो.