लाकडाची गाठ : ओली कातावी की वाळवून ?

शिराळा तालुक्यात शेतांच्या बांधांवर बाभूळ, आंबा, जांभूळ अशी झाडे असतात. जुन्या झाडांच्या खोडावर कधी कधी मोठी फुगीर गाठ आढळते. झाड पडले म्हणजे सरळ खोड सुताराकडे जाते. गाठ मात्र रंध्याला दाद देत नाही, म्हणून ती चुलीत घातली जाते. वास्तविक हीच गाठ लेथवर कातल्यास तीतून सुंदर वाडगा, डबी किंवा कुंकवाचा करंडा तयार होतो. कातीव लाकूडकामाला किती मोल येते, हे सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांनी दाखवून दिलेच आहे.

झाडाला इजा झाली किंवा किडीचा अथवा बुरशीचा उपद्रव झाला, म्हणजे एके ठिकाणी अनेक डोळे दाटीने वाढून गाठ बनू शकते. तीतील तंतू सरळ न जाता एकमेकांत गुंततात. गाठ सहजी फुटत नाही व कातल्यावर तीत मनोहर नक्षी दिसते, ती यामुळेच.

ताज्या लाकडात पाणी भरपूर असते. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर येईपर्यंत लाकूड फारसे आकसत नाही. त्याखाली गेले की ते आकसू लागते. साधे लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्याकडील दिशेने आकसते. गाठीत तंतूंना एक दिशा नसल्याने ती कोठेही वाकडीतिकडी होते. मात्र गुंतलेल्या तंतूंमुळे ती सरळ लाकडापेक्षा कमी तडकते.

ओली गाठ मऊ कातली जाते, हत्याराची धार टिकते व धूळ उडत नाही. परंतु पूर्ण तयार केलेले भांडे पुढे वाळताना वेडेवाकडे होते व डबीचे झाकण बसत नाही. वाळलेली गाठ आकार राखते व तिला चकाकी चांगली येते. पण ती कठीण असते, धूळ फार उडते, आणि जाड गाठ वाळण्यास काही वर्षे लागतात. तेवढ्या काळात तिला भेगा पडल्यास सर्वच श्रम वाया जातात.

यास्तव दोन टप्प्यांत काम करणे हितावह होय. प्रथम गाठ ओली असतानाच ओबडधोबड कातावी. भांड्याची जाडी व्यासाच्या सुमारे एक दशांश ठेवावी. २५ सेंटिमीटर व्यासास २.५ सेंटिमीटर जाडी पुरते. नंतर कापलेल्या बाजूंना मेण किंवा दाट रंग लावून भांडे कागदात गुंडाळावे व सावलीत, वारा न लागेल अशा जागी ठेवावे. दर आठवड्यास वजन करून नोंद ठेवावी. तीनचार आठवडे वजन घटले नाही, म्हणजे ते वाळले असे समजून अखेरचे कातकाम करावे. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत.

येथे हवामानाचा विचार अवश्य करावा. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने वजन स्थिर राहते; त्यावरून लाकूड वाळले असे मानू नये. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते झपाट्याने वाळून तडकते. पावसाळा संपताच पहिले कातकाम करणे सोयीचे पडते.

लेथवर गाठ चढविताना तीत साल, पोकळी वा भेग नाही याची खात्री करावी. तडकलेली गाठ फिरताना उडाल्यास प्राणावर बेतते. सुरुवातीस वेग कमी ठेवावा, डोळ्यांना चष्मा व तोंडास फडके बांधावे.

उभ्या झाडाची गाठ कापू नये; त्या जखमेतून कूज खोडात शिरते. आंबा, जांभूळ, साग इत्यादी अनुसूचित वृक्ष तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमान्वये पूर्वपरवानगी लागते. २००४ साली घोषित झालेल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानातून तर पडलेले लाकूडही आणता येत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांस समजावून द्यावी, आणि बांधावर पडलेल्या झाडाची गाठ सरपणात जाण्यापूर्वी ती कातकाम जाणणाऱ्या कारागिरास दाखविण्याचा सल्ला द्यावा.