कापडी पिशवी आणि लाकडी ठसा

भिवंडी हें मागांचें शहर होय, हें या अंकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. हातमागाच्या काळापासून येथें कापड विणलें जात आलें आहे, आणि यंत्रमाग आल्यापासून तर त्यांचा खडखडाट हाच या गांवाचा ओळखीचा नाद झाला आहे. परंतु मागावरून उतरणारें बहुतेक कापड कोरें असतें. धुण्यासाठीं, रंगविण्यासाठीं व छापण्यासाठीं त्याचा मोठा भाग परगांवीं जातो. आणि जेथें कापडास रूप येतें तेथेंच त्याचें मोलही वाढतें. म्हणून आपल्याच गांवच्या कोऱ्या कापडाची पिशवी करून तिच्यावर लाकडी ठशानें नक्षी उठविण्याची कला आमच्या विद्यार्थिमित्रांनीं शिकावी, असें आम्हांस वाटतें. ती कशी साधते व तींत काय सांभाळावें लागतें, हें येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम पिशवीचाच विचार करूं. मार्च २०१८ मध्यें महाराष्ट्र शासनानें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि आजोबांच्या खुंटीवरील कापडी पिशवीस पुन्हां मान मिळाला. तथापि कापडी पिशवी घेतली कीं कर्तव्य संपलें, असें मात्र नव्हे. कापूस पिकविण्यास पाणी लागतें, सूत कातण्यास व विणण्यास वीज लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, हवामानावरील परिणामापुरतें पाहिलें तरी सुती पिशवी निदान ५२ वेळां वापरली, तरच ती दुकानांतील साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीस येते. इतर सर्व परिणाम धरले तर हा आंकडा कित्येक पटींनीं वाढतो. तेव्हां कपाटांत पडून राहिलेली कापडी पिशवी ही उधळपट्टीच समजावी. जी पिशवी सुंदर असते ती मनुष्य जपतो व हौसेनें बाजारांत नेतो; जिचा रंग पहिल्याच धुण्यांत उतरतो, तिचें लवकरच पोतेरें होतें. म्हणून नक्षीचा पक्केपणा हा केवळ शोभेचा प्रश्न नसून पिशवीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आतां कापड. भिवंडीच्या मागांवर सुती कापडाप्रमाणेंच कृत्रिम धाग्यांचें कापडही निघतें. यास्तव आधीं एक धागा काढून, वडील माणसांच्या देखत, जाळून पाहावा. सूत कागदासारखें जळून त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. आपणांस सुती कापड हवें. मागावर ताण्याचे धागे तुटूं नयेत म्हणून त्यांस खळ लावलेली असते. ती तशीच राहिली तर रंग सुतास न लागतां खळीवर बसतो आणि खळीबरोबर धुऊन जातो. म्हणून धुण्याचा सोडा व साबण घातलेल्या पाण्यांत कापड उकळून, स्वच्छ धुऊन वाळवावें. यानें तें जेवढें आटावयाचें तेवढें आधींच आटतें, हा दुसरा लाभ.

ठशासाठीं सागवान किंवा शिसवी लाकूड घेतात. गुजरातेंत गांधीनगराजवळचें पेथापूर हें गांव ठसे कोरणाऱ्या कारागिरांसाठीं प्रसिद्ध आहे. लाकूड चांगलें वाळलेलें व तासून अगदीं सपाट केलेलें असावें. त्यावर आकृति उलटी काढावी लागते. अक्षरें कोरणाऱ्यानें हें विसरतां कामा नये. मग पटाशीनें व बारीक किकऱ्यानें नको तो भाग खोदून टाकितात, म्हणजे नक्षी उंच राहते. मोठ्या ठशास आरपार बारीक भोकें पाडितात, कीं दाबतांना आंत कोंडलेली हवा निघून जावी. तयार ठसा कांहीं दिवस तेलांत मुरवितात. रंग जितके तितके ठसे; रेखेचा निराळा, भरणीचा निराळा. नवशिक्यानें आडव्या कापलेल्या भेंडीनें किंवा बटाट्याच्या ठशानें हात बसवावा व नंतर लाकडास हात घालावा. आकृति साधी निवडावी. आमच्या मतें मागाचा धोटा ही या गांवास शोभणारी आकृति आहे; दोन वांकड्या रेषांत ती पुरी होते.

छापणें पिशवी शिवण्यापूर्वींच उरकावें. शिवणीच्या उंचवट्यावर ठसा नीट बसत नाहीं. मेजावर घोंगडी व तिजवर जुनें धोतर पसरून कापड ताणून लावावें. रंग थेट ठशास फांसूं नये. थाळींत रंगानें भिजविलेली गादी ठेवून तिजवर ठसा हलकेंच टेकवावा. मग तो कापडावर सरळ ठेवून, पाठीवर तळहातानें एक ठोका द्यावा व सरळ वर उचलावा. ठसा सरकला कीं नक्षी फिसकटली. बाजारांत मिळणारा तयार रंग वापरल्यास पूर्ण वाळल्यावर उलट बाजूनें गरम इस्त्री फिरवावी. उष्णतेनें तो पक्का होतो. एक छापील चिंधी साबणाच्या गरम पाण्यांत धुऊन परीक्षा घेतल्याखेरीज पिशवी कोणास देऊं नये.

जुन्या रंगाऱ्यांची पद्धति याहून मनोरंजक आहे, व शाळेच्या प्रयोगशाळेंत ती करून पाहतां येईल. ते कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यांत भिजवून वाळवीत. हा हिरडा आपल्या सह्याद्रींतला. जुन्नर व आंबेगांवच्या डोंगरांतील महादेव कोळी लोक तो गोळा करून विकतात. नंतर डिंकांत कालविलेल्या तुरटीनें छाप मारून, वाळल्यावर कापड धुवावें व मंजिष्ठेच्या काढ्यांत उकळावें. जेथें तुरटी, तेथें पक्का तांबडा रंग चढतो. तुरटीऐवजीं गूळ व गंजलेलें लोखंड आंबवून केलेल्या पाण्यानें छापल्यास हिरड्याशीं मिळून काळा रंग उमटतो. सुतास मंजिष्ठ आपण होऊन धरून ठेवितां येत नाहीं. तुरटींतील ॲल्युमिनियम दोहोंमध्यें दुव्यासारखें राहून तिला बांधून ठेवितें.

हें ज्ञान फार प्राचीन. मोहेंजोदडो येथें चांदीच्या भांड्यास चिकटलेला मंजिष्ठेनें रंगविलेला सुती तुकडा सांपडला आहे. पुढें युरोपांतील लोकांस, धुतल्यानें न विटणाऱ्या हिंदी कापडाचें मोठें नवल वाटलें. १७४२ सालीं कर्दू नांवाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानें कोरोमंडल किनाऱ्यावरील ख्रिस्ती रंगाऱ्यांकडून ही सर्व कृति समजून घेऊन पत्रानें स्वदेशीं कळविली. तींतही हिरड्यास स्थान आहे. ज्यांच्या हातांत ती विद्या होती, त्या रंगाऱ्यांचीं नांवें मात्र जगास ठाऊक नाहींत.

सारांश, कापड धुण्यापासून रंग बांधण्यापर्यंत कोणतीच पायरी गाळण्याजोगी नाहीं. घाईनें वाचविलेली घटका पहिल्या धुण्यांत वसूल होते. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं सुटींत अशी एक तरी पिशवी करावी, ती आईच्या हातीं द्यावी आणि तिनें ती वर्षानुवर्षें भाजीबाजारांत नेली म्हणजे आपलें काम पक्कें झालें असें समजावें.