चाकाच्या खुर्चीला हवी शाळेची वाट

नाशिक शहराच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या मार्गावर सातपूरची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांपाठोपाठ येथे कामगारांची घरे उभी राहिली, शाळा निघाल्या. १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा सातपूर तिच्या हद्दीत आले. दाट वस्ती आणि मालमोटारींची वर्दळ असलेल्या अशा भागात चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या मुलाला शाळा जवळ असूनही दूर राहते. दाराशी असलेल्या तीन पायऱ्याही त्याचे शिक्षण थांबविण्यास पुरेशा ठरतात.

मुलाला उचलून वर्गात नेणे, हा त्यावरील नेहमीचा उपाय. परंतु मूल वाढते, त्याचे वजन वाढते. उचलताना हात निसटला तर इजा होते आणि उचलणारे माणूस घरी नसेल त्या दिवशी शाळा बुडते. मुलींच्या बाबतीत स्वच्छतागृहाचा प्रश्न याहून बिकट होतो. खुर्ची आत जात नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणे प्रकृतीस घातक असते.

उतरणीचे गणित सोपे आहे. एक एकक उंची चढण्यासाठी किमान बारा एकक लांबी हवी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, तिच्यासाठी ५.४ मीटर लांबीची उतरण बांधावी लागते. जागा वाचविण्यासाठी ती आखूड केली, तर खुर्ची मागे उलटण्याचा अथवा उतरताना सुटण्याचा धोका असतो. दोन्ही बाजूंना कठडा, न घसरणारा पृष्ठभाग, ९० सेंटिमीटर रुंदीचा दरवाजा आणि खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, एवढे झाले की मूल स्वतःच्या हातांनी वर्गात पोहोचते.

खुर्चीही मुलाच्या मापाची हवी. मोठ्या माणसाच्या खुर्चीत मूल एका अंगाला कलते, त्याच्या पाठीच्या कण्यावर ताण येतो आणि हात चाकांपर्यंत पोहोचत नाहीत. पाय टेकण्याची पट्टी, कमरेचा पट्टा व दोन्ही चाकांचे ब्रेक पालकांनी वरचेवर तपासावेत. वाहनातून नेताना खुर्चीचे तोंड पुढे ठेवून ती चारही बाजूंनी जखडावी आणि मुलाला स्वतंत्र पट्टा बांधावा.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये निर्धारित प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार शाळेची इमारत अडथळाविरहित असली पाहिजे. सुगमतेची मानके केवळ शिफारशी न राहता बंधनकारक असावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी २०२२ साली स्वतंत्र विभागही निर्माण झाला आहे.

काय साधता येते, याचे उदाहरण कोल्हापुरात आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, शिक्षण व रोजगार यांची सांगड घालून संस्थेने अनेकांना स्वतःच्या पायावर उभे केले.

सातपूरला तर साधनांची वाण नाही. लोखंडी कठडा वा उतरण तयार करणे येथील वेल्डिंगच्या कारखान्यांना अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही याच परिसरात आहे. शाळा व्यवस्थापन समितीने पालकांसह एकदा चाकाच्या खुर्चीसोबत घरापासून फळ्यापर्यंतची वाट चालून पाहावी. चाक ज्या ज्या ठिकाणी अडेल त्याची नोंद करून ती यादी महानगरपालिकेकडे द्यावी. उघडे गटार, उंच उंबरठा, पदपथावर लावलेली वाहने यांपैकी बरेच अडथळे अल्प खर्चात दूर होण्यासारखे आहेत. ते दूर झाले, तर मुलाची शाळा उचलून नेणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहणार नाही.