बस सुटली तर सुटू द्या

म्हातारी माणसे रस्त्यावर जायबंदी होतात ती गाडीची धडक बसून, असा पुष्कळांचा समज आहे. हाडांच्या वॉर्डात मी इतकी वर्षे ड्यूटी केली, तिथे दिसले ते निराळे. खुब्याचे हाड मोडून आलेल्या कित्येक बायकांना गाडी शिवलीसुद्धा नव्हती. राव-काव लावून पर्समध्ये ठेवत होत्या, तेवढ्यात बस हलली. नाहीतर स्टॉप येण्याआधीच सामान घेऊन उठल्या आणि ब्रेक लागला.

तेव्हा चढल्याबरोबर एक हात दांड्यावर ठेवा, कार्ड नंतर आत टाका. जागा पुढच्या भागात घ्या. उतरायची घंटा बसल्या बसल्या वाजवा आणि बस पुरती थांबली की मगच उठा. ड्रायव्हर कुरकुरला तर कुरकुरू द्या. बाजाराची अगाला दाराशी सोडू नका, पायाशी धरा. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तर धरायला हात उरत नाही, म्हणून पैसे-औषधांची पिशवी खांद्यावरून तिरपी घालावी.

शुक्रवारी दुपारचे तर विचारू नका! शब्बाथच्या आधीची शेवटची बस गाठायची, म्हणून शूकमधून धावत निघतो. बस पलीकडच्या स्टॉपवर दिसली की सिग्नल लाल आहे हेही दिसत नाही. त्यापेक्षा बाजार सकाळी उरकावा.

आणखी एक गोष्ट खास आपल्या लोकांची. भारतात गाड्या डावीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आपली मान आधी उजवीकडे वळते. इथे गाडी आधी येते ती डावीकडून. पन्नास वर्षे इस्राएलमध्ये काढली तरी घाईत जुनी सवय वर येते. नातवंडांना हे सांगावे लागत नाही, आपल्याला लागते.

बसमधून उतरल्यावर तिच्यापुढून ओलांडू नका. ड्रायव्हर उंच बसतो; अगदी पुढ्यातले मूल किंवा वाकून चालणारे माणूस त्याला दिसत नाही. बाजूने येणाऱ्या गाडीवाल्याला तर बसच आडवी येते. बस जाऊ द्या, मग झेब्रावरून जा. नऊ वर्षांखालच्या नातवंडाचा हात सोडू नका.

उन्हाळ्यात डिमोना-बेरशेवाकडे स्टॉपवर वीस मिनिटे बसणे सोपे नाही. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी घेणाऱ्याला बाकावरून एकदम उठताच चक्कर येते. बस लांब दिसली की आधी पाय हलवा, सावकाश उभे राहा, क्षणभर खांब धरा. पाण्याची बाटली बरोबर हवीच. लघवी लागेल म्हणून पाणी न पिता निघणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत!

कोणी पडलेच तर चार जणांनी बगलेत हात घालून उभे करू नये. एक पाय आखूड दिसला आणि पाऊल बाहेर वळले असले तर खुबा मोडला असे धरून चाला. आहे तसेच पडू द्या, अंगावर सावली करा, 101 ला फोन लावा. चहापाणी देऊ नका, ऑपरेशन करावे लागू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी इस्पितळात न्या. आतला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही कळतो. म्हणून गोळ्यांची नावे हिब्रूत लिहिलेली चिठ्ठी राव-कावच्या पाकिटातच ठेवावी.