उंदीर मारून का संपत नाहीत?

मुंबई महानगरपालिकेत ‘मूषक संहारक’ असे एक पद आहे. हातात काठी आणि विजेरी घेऊन ही माणसे रात्रभर गल्लीबोळांत उंदीर मारतात व सकाळी मेलेले उंदीर मोजून देतात. एका रात्रीत किमान 30 उंदीर मारावे लागतात. मिरियम चांडी मेनाचेरी यांनी ‘द रॅट रेस’ या माहितीपटात याच कामगारांचे जीवन दाखवले आहे. पालघर-बोईसरच्या काही शिक्षकमित्रांबरोबर आम्ही तो पाहिला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : रोज इतके उंदीर मारूनही ते संपत का नाहीत?

थोडे गणित करू. उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे 22 दिवसांचा असतो. एका वेळी सहा ते आठ पिल्ले होतात आणि ती तीनेक महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. ही सारी जगली, तर आपल्याला पाय ठेवायला जागा उरणार नाही. पण अन्न आणि बिळांसाठी जागा मर्यादित असल्याने बहुतेक पिल्ले लवकर मरतात. म्हणजे वस्तीत किती उंदीर राहतील, हे तेथील अन्न व आसरा यांवर ठरते.

आता त्यांतील निम्मे उंदीर मारले असे समजा. उरलेल्यांच्या वाट्याला जास्त अन्न येते, अधिक पिल्ले जगतात, शेजारचे उंदीर रिकाम्या बिळांत शिरतात. काही महिन्यांत संख्या पूर्ववत होते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 1940 च्या दशकात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमके हेच आढळले. विष घातलेल्या वस्त्यांत उंदीर परतले. जेथे कचरा व आसरा हटवला, तेथे ते कमी झाले आणि कमीच राहिले.

बोईसरला हे लागू पडते. तारापूर औद्योगिक वसाहतीपाठोपाठ येथे चाळी, खानावळी, किराणा दुकाने वाढली. उघड्यावर टाकलेले खरकटे आणि तुटकी गटारे ही उंदरांची कोठारे आणि घरेच होत. आसपासच्या भातशेतीत तर बांधांवर त्यांची बिळे असतातच.

प्रश्न केवळ धान्याच्या नासाडीचा नाही. लेप्टोस्पायरा हे जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात व मूत्रावाटे पाण्यात येतात. उंदराला मात्र सहसा काही होत नाही. साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालताना ते माणसाच्या पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात अशा पाण्यात वावरल्यावर ताप आला, तर तो अंगावर काढू नये. वेळीच प्रतिजैविके दिल्यास रोगी बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना शाळेच्या परिसराचा नकाशा काढू द्या. खरकटे कोठे पडते, पाणी कोठे साचते, बिळे कोठे आहेत याच्या खुणा त्यावर करू द्या. बिळात हात घालू नये, मेलेल्या उंदराला शिवू नये, ही ताकीद आधी द्यावी. बहुधा या तिन्ही खुणा जवळजवळ येतील. मग विचारा : आपण उंदरांना मारतो की पोसतो?