जनपदाची चिकित्सा : प्राथमिक आरोग्यसेवा आणि सार्वजनिक यंत्रणा

चिकित्सालयाचा उंबरठा ओलांडून येतो तोच आपला रुग्ण, ही समजूत वैद्यांच्या अंगवळणी पडली आहे. जो येतच नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. घरीच प्रसूत झालेली माता, खोकला अंगावर काढणारा ऊसतोड कामगार, वाढलेल्या रक्तदाबाची जाणीवही नसलेला शेतकरी हे आपल्या नोंदवहीत नसतात. लोकसंख्याधिष्ठित प्राथमिक आरोग्यसेवेचा प्रारंभ या अनुपस्थितांपासूनच होतो.

हा विचार आयुर्वेदास परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करतो. प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असूनही अनेकांना एकाच वेळी व्याधी का होतो, याचे उत्तर तेथे वायू, जल, देश व काल या सर्वांना समान असलेल्या भावांच्या विकृतीत शोधले आहे. अतिसाराच्या रुग्णावर वैद्य उपचार करील. परंतु गावाच्या दूषित विहिरीची चिकित्सा एकट्या वैद्याच्या हाती नाही. तेथे सार्वजनिक यंत्रणाच हवी.

या यंत्रणेचे साहाय्य कसे असावे, हे गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षित करून नवजात बालकांची सेवा घरोघरी पोहोचविली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद ठेवली होती, म्हणूनच हा निष्कर्ष काढता आला. २०११ मध्ये केंद्र शासनाने ही सेवा ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आणली. पद्धती संस्थेने सिद्ध केली. ती देशभर नेण्याचे बळ शासनाकडेच होते.

आज आपल्या शाखेचाही यात प्रत्यक्ष वाटा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या व २०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांत अनेक आयुर्वेद पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कार्यरत आहेत. सपाट प्रदेशात पाच हजार, तर डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष आहे. एवढ्या लोकांची घरनिहाय यादी हाताशी असेल, तरच कोण सुटला हे कळेल.

खासगी वैद्यांचे कर्तव्यही स्पष्ट आहे. क्षयरुग्णाची नोंद कळविणे २०१२ पासून आपल्यावरही बंधनकारक आहे. परंतु माहिती केवळ वर जाऊन थांबता कामा नये. परिसरात कोणता ज्वर पसरत आहे, कोणते पाणी दूषित ठरले, पुढे पाठविलेल्या रुग्णाचे काय झाले, हे जिल्हा यंत्रणेने वैद्यास नियमितपणे कळवावे. प्रयोगशाळेची सुविधा व प्रशिक्षण त्यालाही खुले करावे.

वैद्यबंधूंनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी हा संवाद स्वतःहून आरंभावा. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे प्रयोजन आहे, आणि तो स्वस्थ मनुष्य सहसा आपल्या चिकित्सालयात येत नाही.