सुटी सिगारेट बंद, मग टपरीवाल्याचं गणित काय?

महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आहे. आजची नाही, सप्टेंबर 2020 पासूनची. कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलात तर विश्वास बसणार नाही, पण आहे.

बंदीमागचं कारण साधं आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार, म्हणजे 'कोटपा'नुसार, धोक्याचा इशारा नसलेल्या वेष्टनात तंबाखूचा माल विकता येत नाही. पाकिटाच्या 85 टक्के भागावर तो इशारा चित्रासह असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. शिवाय अख्खं पाकीट न परवडणाऱ्या पोरांना एक सिगारेट मात्र सहज परवडते.

मग टपरीवाले ऐकत का नाहीत? समजा, 10 सिगारेटच्या पाकिटावर 170 रुपये छापलेत. पाकीट विकलं तर त्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही, होलसेलवाल्याने सोडलेलं मार्जिन तेवढं हाती लागतं. तीच सिगारेट 'वीसला एक' गेली की पाकिटाचे होतात 200. वरचे 30 रुपये छापील किमतीपेक्षा जास्त, म्हणजे तेही नियमबाह्यच! पण टपरीची खरी कमाई तिथे आहे. त्यात एक सिगारेट ओढायला आलेलं गिऱ्हाईक चहा घेतं, पाण्याची बाटली घेतं. संध्याकाळी पुन्हा येतं. पाकीट घेतलेल्याला तेवढ्यासाठी यायचं कारणच उरत नाही.

पकडलं गेल्यास विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपनीचं पाकीट तोवर विकलं गेलेलं असतं. जोखीम उरते ती साखळीतल्या सगळ्यात लहान माणसाकडे. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तेव्हापासून हे दिसतंय: माल चोरून येतच राहतो, छाप्यात आधी सापडते ती टपरी.

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवलं, की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना पालिकेची परवानगी सक्तीची करा आणि तिथे चॉकलेट, बिस्किटं, चिप्स, कोल्ड्रिंक विकू देऊ नका. मुलं तंबाखूपासून लांब राहावीत हा हेतू रास्तच आहे. पण हे कडकपणे लागू झालं, तर टपरीवाल्याला सिगारेट किंवा बिस्किटं यातलं एकच निवडावं लागेल. आणि बिस्किटं तर शेजारच्या किराणा दुकानातही मिळतात.